आप्पा, थँक्यू. सॉफ्टवेअरचं नाव न सांगितल्याबद्दल

आप्पा, रामराम.

फोनवर तुम्हाला थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, पाऊस झाला का, भरीत कधी खाऊ घालतो, हेच सुरू होतं, म्हणून म्हणलं सगळ्यांसमोर लिहूनच टाकू, म्हणजे तुम्हाला पळायला जागा राहणार नाही. आणि दुसरं म्हणजे अमळनेर-पारोळ्याकडची लग्नाचे फोटो काढणारी पोरं मला अजून विचारत असतात, भाऊ रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल) फटाफट बघायला कोणतं सॉफ्टवेअर टाकू, तर त्यांनाही कळू दे की मी हे कुठून शिकलो.

मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा ऐन मे महिना होता, धुळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं आणि माझा लॅपटॉप पंखा फुल करून नुसता भणभणत होता. एका लग्नाचे दोन कॅमेऱ्यांचे मिळून अडीच-तीन हजार रॉ, रंग करायच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टला टाकले की प्रिव्ह्यू बनवता बनवता अर्धा दिवस जायचा, आणि त्यातून शेवटी निवडायचे किती, तर पाचशे-सहाशे. नवरीकडचे रोज फोन करणार, भाऊ फोटो कधी देता. तोवर मी ज्याला विचारलं त्याने एक नाव फेकलं. कोणी म्हणे हे घे, कोणी म्हणे ते क्रॅक करून देतो, एकाने तर सरळ नवीन लॅपटॉपच घ्यायला सांगितला.

तुम्ही नाव सांगितलंच नाही. चहा ओतता ओतता एवढंच विचारलं, "तुले फोटू देखना शेत का रंगाडना शेत?" म्हणजे तुला फोटो बघायचेत की रंगवायचेत? मला आधी वाटलं आप्पा मस्करी करताहेत. पण खरं सांगतो, सगळा गुंता तिथंच सुटला, कारण मी बघण्याचं काम रंगवण्याच्या सॉफ्टवेअरकडून करून घेत होतो. रावेरला केळीचे घड उतरवताना कोणी तिथेच वेफर तळायला बसत नाही, आणि मी नेमकं तेच करत होतो. निवडायला वेगळं हत्यार आणि रंगवायला वेगळं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी यादी आपोआप कटते.

मग तुम्ही रॉ फाइलच्या पोटात काय असतं ते दाखवलं, आणि हे मला इतकी वर्षं धंद्यात असून कोणी सांगितलं नव्हतं. निकॉनची एनईएफ असो, कॅननची सीआर२ असो, सोनीची एआरडब्ल्यू असो, जवळपास प्रत्येक रॉच्या आत कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपीईजी ठेवलेला असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आपण तोच बघतो. जे सॉफ्टवेअर भन्नाट पळतं ते बऱ्याचदा रॉ उघडतच नाही, आतला तो जेपीईजी काढून दाखवतं. फोटो मेकॅनिक नावाचं सॉफ्टवेअर मुख्यतः याच जोरावर पळतं, म्हणूनच मॅचचे आणि बातम्यांचे फोटोवाले त्याच्यावर जीव टाकतात, त्यांना पाच मिनिटात फोटो पाठवायचा असतो. यात खोटेपणा काही नाही, फक्त आपण काय बघतोय हे आपल्याला माहीत पाहिजे, हे तुमचं म्हणणं.

कारण तो जेपीईजी म्हणजे ८ बिटचा, एका रंगाच्या २५६ पायऱ्या, आणि १४ बिटच्या रॉमध्ये त्याच रंगाच्या १६,३८४. शिवाय त्यात कॅमेऱ्याची व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेला रंगांचा तोल), पिक्चर स्टाइल, शार्पनिंग सगळं भाजून ठेवलेलं. माझ्या एका कॅमेऱ्याच्या बॉडीवर व्हिविड म्हणजे भडक स्टाइल आणि दुसरीवर न्यूट्रल म्हणजे साधी लावलेली असायची, आणि मी तासन्‌तास विचार करायचो की एकाच मांडवातले फोटो दोन गावचे का वाटतात!

आणि तो हळदीचा फोटो. तुम्ही माझ्याच फोल्डरमधून काढला होता, अंगणात ऊन, नवरदेवाच्या गालावर हळदीचा जाड थर, आणि कॅमेरा ओरडतोय की लाल रंग जळाला, म्हणजे मर्यादेबाहेर गेला. मी तो रिजेक्ट करून टाकलेला. तुम्ही तोच फास्टरॉव्ह्यूअर नावाच्या रॉ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि रॉचा खरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दाखवला, त्यात लाल चॅनेल, म्हणजे लाल रंगाचा भाग, शेवटच्या भिंतीला टेकलासुद्धा नव्हता! मग समजावलं की कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम जेपीईजीवरून काढलेला असतो, आणि जेपीईजी बनवताना उन्हात लाल आणि निळा चॅनेल व्हाइट बॅलन्ससाठी वाढवला जातो, हळदीत लाल आधीच भरपूर, तो वाढवला की जेपीईजीत फुटतो पण सेन्सरवर तो शाबूतच असतो. उन्हात सेन्सरवर खरं आधी भरतो तो बहुतेक वेळा हिरवा. त्या दिवशी घरी येऊन मी जुने रिजेक्ट परत चाळले आणि त्यातले कितीतरी हळदीचे फोटो अल्बमला लावण्यासारखे निघाले. आपल्याकडे हळद म्हणजे अर्धं लग्न, आणि गिऱ्हाइकाला तेच फोटो जास्त हवे असतात, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी थेट पैशाचा आहे.

याची उलटी बाजू तुम्ही काढलेल्या रानपिंगळ्याच्या फोटोने दाखवली. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हा तोच पक्षी जो १८८४ नंतर खात्रीने कोणाला दिसला नव्हता आणि १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ परत सापडला, खान्देशने याचा अजून म्हणावा तसा गवगवा केलेला नाही.) पहाटेच्या अंधारात काढलेली ती फ्रेम आतल्या जेपीईजीत मऊ मऊ दिसत होती, डोळा शार्प आहे की नाही कळेना. तुम्ही म्हणालात कळणारच नाही, कारण सोनीच्या बऱ्याच बॉडी रॉच्या आत फक्त १६१६×१०८० चा जेपीईजी ठेवतात, आणि फोटो असतो ६०००×४००० चा, मग शंभर टक्के झूम करून बघणार काय, कप्पाळ? निकॉन-कॅननच्या बऱ्याच बॉडीत तो पूर्ण मापाचा असतो, तिथे निभावतं. म्हणजे "कोणतं सॉफ्टवेअर फास्ट" हा प्रश्नच अर्धा आहे, तुमचा कॅमेरा कोणता आणि तुम्ही फोकस तपासताय की फक्त डोळे मिटलेले फोटो काढून टाकताय, यावर सगळं अवलंबून.

फास्टरॉव्ह्यूअर बनवणारे तेच लिबरॉवाले (लिबरॉ म्हणजे इतर सॉफ्टवेअरला रॉ वाचून देणारा कोड), आणि लिबरॉचं मूळ डेव्ह कॉफिनच्या डीसीरॉ या रॉ उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये, जो त्याने १९९७ पासून लिहायला घेतला. पिंगळा सापडला तेच साल! हे तुम्ही सांगितलं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर असा आनंद होता जसा काही दोघांनाही तुम्हीच शोधलं.

पण मला सगळ्यात उपयोगी पडली ती तुमची परीक्षा घ्यायची पद्धत. सॉफ्टवेअर कोणतंही असो, स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या कॅमेऱ्याच्या, आधी कधीच न उघडलेल्या फोल्डरवर लावायचं. आधी न उघडलेला का, तर एकदा बघितलेल्या फाइल रॅममध्ये बसलेल्या असतात आणि दुसऱ्या फेरीत बैलगाडीसुद्धा विमान वाटते. मग बाणाचं बटण दाबत जायचं आणि चित्र आलं कधी हे नाही तर स्पष्ट झालं कधी हे बघायचं, कारण काही प्रोग्राम आधी धुरकट काहीतरी फेकतात आणि मग सेकंदभराने खरं चित्र आणतात, जाहिरातीतली स्पीड ती पहिली असते.

त्यात माझं दुसरंच दुखणं निघालं. मी थेट कार्डावरून बघायचो, जुन्या यूएसबी २.० च्या रीडरमधून. त्याचा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी सेकंदाला, प्रत्यक्षात मिळतात तीस-चाळीस. माझी एक फाइल पंचवीस-तीस एमबीची. म्हणजे पूर्ण रॉ वाचायची तर सेकंदाला एक फोटो, मग सॉफ्टवेअर देवाने लिहिलेलं असलं तरी. तुम्ही तोंडी हिशोब केला आणि म्हणालात आधी गोलाणी मार्केटात जा आणि एसएसडी (वेगवान डिस्क) घे, कार्ड तिच्यावर उतरवून मग बघ, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. मी जळगावला गेलो, घेतली, जुनी हार्ड डिस्क बॅकअपला लावली. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते. मला विचाराल तर पोरांनो, पहिला खर्च तो करा.

मग ते स्टारचं. निवडताना फोटोला दिलेले स्टार जातात कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. काही प्रोग्राम ते स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, फोटो सांभाळायचं डिजिकॅमसुद्धा सेटिंग बदलेपर्यंत साइडकार, म्हणजे फोटोशेजारची नोंदीची छोटी फाइल, लिहीत नाही. असं झालं की एका ठिकाणी रात्रभर निवडलेलं दुसऱ्या ठिकाणी कोरं दिसतं. तुम्ही सांगितलं, निवडीची नोंद फोटोशेजारच्या अशाच एक्सएमपी फाइलमध्ये पडली पाहिजे, ती रंगाची दोन्ही सॉफ्टवेअर वाचतात, लाइटरूमही आणि डार्कटेबलही. फक्त डार्कटेबलचा एक नखरा आहे, ते स्वतःची एक्सएमपी लिहिताना नावात मूळ एक्स्टेन्शन ठेवतं, म्हणजे डॉट एनईएफ डॉट एक्सएमपी, आणि अडोबीच्या, म्हणजे लाइटरूमवाल्यांच्या, पद्धतीत नुसतं डॉट एक्सएमपी. त्यामुळे आधी सगळे स्टार देऊन मोकळं व्हायचं आणि मगच डार्कटेबलमध्ये इम्पोर्ट करायचं, इम्पोर्टच्या वेळी ते शेजारची जुनी एक्सएमपी वाचून घेतं. हे उलट्या क्रमाने केलं की दोन-दोन फाइल होतात आणि डोक्याला ताप.

तर आता माझ्याकडे निवडायला फास्टरॉव्ह्यूअर आहे, आधी तीस दिवसांचं ट्रायल वापरलं आणि मग लायसन्स घेतलं, एकदाच पैसे, दर महिन्याची कटकट नाही. नको ते फोटो डिलीट होत नाहीत, रिजेक्टेडच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात, त्यामुळे रात्री दोनला झोपेत दाबलेलं बटण सकाळी माफ होतं. घाईचं काम असेल तर त्यातच आतला जेपीईजी बघायचा, शंका आली की रॉवर उडी मारायची. रंगाला डार्कटेबल, फुकट आहे आणि शिकायला वेळ लागतो, पण लागू दे. गिऱ्हाइकाला तयार जेपीईजी दाखवायला एक्सएनव्ह्यू एमपी, घरगुती वापराला ते फुकट आहे पण धंद्याला लायसन्स लागतं हे लक्षात ठेवा. आणि माझा एक मित्र त्याच रात्री फोटो पाठवायची कामं घेतो, त्याला मी फोटो मेकॅनिकच सुचवलं, त्याच्या कामाला तेच बसतं.

एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. तुम्ही लिनक्सवर जीकी नावाचं फोटो बघायचं सॉफ्टवेअर वापरता, छोटंसं, साधं, जुन्या मशीनवरही पळतं, सगळं कबूल. पण माझ्या लॅपटॉपवर अल्बम डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही आणि दोन-दोन सिस्टिम सांभाळायची माझ्यात ताकद नाही. त्यावरून तुम्ही मला अजून टोमणे मारता, मारा.

आणि फोकस पीकिंगच्या, म्हणजे शार्प कडांवर सॉफ्टवेअर ओढतं त्या, रंगीत रेघांवर फार विसंबू नको म्हणाला होतात, तेही पटलं. जरीच्या काठावर त्या रेघा नुसत्या नाचतात आणि नवरीचा डोळा मात्र मागे गेलेला असतो. आता पीकिंग फक्त पहिल्या चाळणीला, शेवटचा निर्णय शंभर टक्क्याला डोळ्यावर जाऊनच.

आप्पा, तुम्ही एसटीतून रिटायर होऊन आता आरामात बसायचं सोडून कोणाकोणाच्या पोरांना असं दुपारभर बसवून शिकवता आणि वर जेवूनही पाठवता. काकूंनी दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा, त्याचं थँक्यू वेगळं, ते मी त्यांना समोर येऊन म्हणेन. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचे फोटो काढायला जाऊ म्हणाला होतात, तर गाडी माझी. तुमचे कार्ड तिथेच माझ्या एसएसडीवर उतरवून घेऊ, आणि निवडायला मी बसतो, तुम्ही फक्त चुका काढा. तुमचा यूएसबी ३.० चा कार्ड रीडर माझ्याकडेच राहिलाय, तो पण घेऊन येतो.

तुमचाच,
अमळनेरचा लग्नवाला फोटोग्राफर