‘कुमारी माता’ हा शब्द आता थांबवा

महोदय,

‘नववीतील मुलगी गर्भवती, कुमारी मातेमुळे खळबळ’ अशा बातमीत नाव नसते, पण उपनगर असते, शाळा असते, वडील रिक्षा चालवतात हेही असते. पुण्यातल्या कुठल्याही वस्तीत मुलगी ओळखायला एवढे पुरते. पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ नुसार विशेष न्यायालयाच्या परवानगीशिवाय पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर यातले काहीच छापता येत नाही. शिक्षा ६ महिने ते १ वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही.

मालिकांमुळे होणारे नुकसान वेगळे आहे. तिथे चक्कर येते, उलटी होते आणि घराला लगेच कळते. प्रत्यक्षात पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असू शकते, त्यामुळे ती चुकल्याचे मुलीच्या किंवा आईच्या लक्षातच येत नाही. त्यात बदनामीची भीती, आणि आठवडे हातचे जातात. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते, अल्पवयीन मुलीसाठी २४ पर्यंत दोघांचे, शिवाय पालकाची लेखी संमती. पुढे बहुधा उच्च न्यायालयच.

अल्पवयीन मुलगी गर्भवती असल्याचे डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, म्हणून कुटुंबे रुग्णालय टाळतात. मात्र मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास त्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे. बातमीत हे यायला हवे, आणि खाली १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही.

– स्त्री-आरोग्य कार्यकर्त्या, पुणे