माझी वसुंधरा अभियान: रविवारी सकाळी ८ वाजता पार्किंगमध्ये जमूया

सर्व सभासदांना नमस्कार,

२ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात सुरू असलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात आपली नगरपरिषदही आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवरच्या कामाला गुण मिळतात. पण गुणांपेक्षा आपलं अंगण महत्त्वाचं, म्हणून येत्या रविवारी प्रत्येक घरातून निदान एकाने यावं.

- गेटजवळ बदामाचा पाला जाळणं आजपासून पूर्ण बंद. तो धूर थेट तळमजल्यावरच्या आजींच्या खोलीत जातो. परवा त्या रात्रभर खोकत होत्या. पाला मागच्या खड्ड्यात टाकावा, त्याचं खत करू.
- गच्चीचा पाइप बोअरवेलकडे वळवायचा आहे. हजार चौरस फुटांवर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे ९०० लिटर पाणी होतं, आणि ते सगळं आज गटारात जातं! एप्रिलमध्ये मात्र आपण टँकरची वाट बघतो. प्लंबर येणार आहे, खर्च तिथेच ठरवू.
- ओला-सुका कचरा वेगळाच द्यावा.

फावडं, घमेलं असेल तर आणावं. मुलांनाही जरूर आणा.

– सचिव