स्ट्रिप उघडायच्या आधी हे वाच

बेटा,

काल तू फोनवर सहज बोलून गेलास की सर्दी झाली म्हणून रूम पार्टनरनं अझिथ्रोमायसिन ही अँटीबायोटिक दिली अन तू दोन गोळ्या घेऊनही टाकल्या, तेव्हापासून माझं दुकानात लक्ष नाही लागून राहिलं. नाक वाहणं, घसा खवखवणं हे बहुतेक वेळा व्हायरसचं काम असतं रे, अन व्हायरसवर कोणतीच अँटीबायोटिक चालत नाही, स्वस्त असो की महाग.

काहून चालत नाही ते सांगतो. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही पेनिसिलिनच्या खानदानातली औषधं बॅक्टेरियाला त्याच्याभोवतीची भिंत बांधू देत नाहीत, भिंत कच्ची राहिली की तो फुटून मरतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, अन व्हायरसलाही नसते. अझिथ्रो अन डॉक्सिसायक्लिन त्या भिंतीला हात लावत नाहीत, आत जाऊन प्रोटीन बनणं थांबवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन जंतूच्या डीएनएच्या कामात अडथळा आणतात. म्हणजे आधी जंतू कोणता ते पाहायचं, मग औषध.

आता जे मला खरंच सांगायचं आहे ते. तू प्रॅक्टिकलला शेतात जातोस. 2018 च्या पावसाळ्यात आपल्या नागपुरात स्क्रब टायफस या तापाचे किती पेशंट निघाले होते, सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ॲडमिट झाले, काही गेलेही. गवतातल्या अगदी बारीक किड्याची अळी चावते, कळतही नाही. त्याचा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो, तिथे सेफिक्झिम कितीही दिवस घेतली तरी काही होत नाही, तिथे डॉक्सी लागते, अन वेळेवर सुरू झाली तर ताप बहुतेक दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुफ्फुस, किडनीपर्यंत जातं. म्हणून ताप आला तर काखेत, जांघेत, कमरेच्या इलास्टिकखाली नीट बघ, सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही म्हणून लोक बघतच नाहीत. खपली नाही दिसली तरी डॉक्टरला शेतात गेलो होतो हे सांगायचंच.

अन डॉक्सी लिहून दिली तर बसून, ग्लासभर पाण्यासोबत घे, लगेच आडवा होऊ नको, गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. दुधासोबत नाही, दुधातलं कॅल्शियम डॉक्सीला धरून ठेवतं. तिनं उन्हात कातडीही लवकर भाजते.

दुकानात लोक भांडतात माझ्याशी, सेफिक्झिम चिठ्ठीशिवाय काहून देत नाही म्हणून. ती शेड्यूल एच1 मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत, पेशंटचं अन डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहावं लागतं, ते तीन वर्षं जपावं लागतं. मला हा नियम मनापासून पटतो, कारण विनाकारण घेतलेल्या गोळ्यांतून जे जंतू वाचतात ते पुढे त्या औषधाला जुमानत नाहीत, अन ते तुझ्यापुरते राहत नाहीत, दुसऱ्यालाही लागतात.

उद्या सकाळी कॉलेजच्या डॉक्टरांना दाखव, अझिथ्रो घेतली हे लपवू नको, अन प्रिस्क्रिप्शनचा फोटो मला व्हॉट्सॲप कर.

बाबा