बारा कलमं आणि चर्चचं छप्पर

वेंगुर्ले,
मे महिन्याचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. बागेच्या वरच्या अंगाची आंब्याची बारा कलमं चर्चच्या मंडळीच्या नावे करून द्यायची, म्हणजे बाबांची आठवण राहील आणि या घरानं देवाला काय दिलं ते नातवंडांनाही कळेल, असं तू लिहिलंस. वाचून फार बरं वाटलं. पण आधी एक विनवणी करतो, घाई करू नकोस. दान मोठ्या मनानं दिलं म्हणून ते पुढच्या पिढीच्या हातात आपोआप पडत नाही. ते कुठल्या रूपात दिलं यावर बरंच अवलंबून असतं, आणि आपल्याकडची माणसं नेमका त्याचाच विचार सर्वांत कमी करतात.

पहिला अडथळा जमिनीचा. तुझी कलमं शेतजमिनीत आहेत. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, तशी बक्षीसही देता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मंडळीचा ट्रस्ट हा काही शेतकरी नव्हे. मृत्युपत्रानं दिली की ही अडचण सुटते असंही धरू नकोस. शिवाय तुझा सातबारा सामायिक असणार. काका, आत्या, मुंबईची चुलतभावंडं सगळ्यांची नावं त्यावर असतील, आणि वाटप झाल्याशिवाय ‘वरच्या अंगाची बारा’ असं बोट दाखवून तू काही देऊ शकत नाहीस. देता येईल तो फक्त तुझा हिस्सा.

परवानगी मिळाली आणि जमीन ट्रस्टच्या नावावर चढली, तरी पुढचं आहेच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली ती विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी घ्यावी लागते. दहा वर्षांहून जास्त मुदतीनं शेतजमीन खंडानं द्यायलाही तीच मंजुरी. कायद्यानं हे चांगल्यासाठीच केलं आहे, नाहीतर एखाद्या कमिटीनं सगळंच विकून खाल्लं असतं. पण मंडळीत पंधरा घरं, त्यातली दहा मुंबईत, आणि कलमांची फवारणी, बेणणी, राखण बघायला कुणीच नाही, असं झालं तर पाच वर्षांत बागेत रान माजतं. कुंपण सरकतं, वहिवाट दुसऱ्याची पडते, आणि मंडळीच्या वाट्याला कोर्टाच्या तारखा येतात.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. जमीन घरातच ठेव, उत्पन्नाचा वाटा मंडळीला बांधून दे. वाटा म्हणजे वाटाच. ‘दरवर्षी वीस हजार’ असा आकडा नको. हापूस एक वर्ष धरतो, पुढच्या वर्षी पाठ फिरवतो. आणि वादळ काही विचारून येत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपला किनारा घासत गेलं. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. अशा घरानं ठरीव आकडा कबूल केलेला असेल तर ते कर्ज काढून देतं, नाहीतर शरमेनं चर्चला यायचंच सोडतं. दशमांशात हा पेच नाही. पिकलं तर दहावा भाग, नाही पिकलं तर शून्याचा दहावा भागही शून्यच.

दहावा भाग कशाचा, हे मात्र हंगामाआधी घरात बसून ठरवा. बाग खंडानं दिलीत तर हाती आलेल्या रकमेचा. तिथं काही गुंता नाही. स्वतः करत असाल तर फवारणी, उतरवणी, पेट्या, वाशीच्या बाजारापर्यंतचं भाडं आणि अडत वजा करून उरेल त्याचा. घरखर्च आणि मुलांच्या फिया वजा करायच्या नाहीत. वजावट कुठली हे आधी लिहून ठेवलं नाही, तर वाईट वर्षी वजावटीची यादी लांबत जाते. लिहिलेला कागद मुलांना दिसू दे.

आता बाबांच्या नावाचा स्थायी निधी करायची तुझी दुसरी कल्पना. ती मला जास्त आवडली, पण हिशेब नीट समजून घे. समज, पाच लाख ठेवलेस आणि 7 टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला 35,000 येतात. महागाई 5 टक्क्यांनी वाढत असेल, तर मुद्दलाची किंमत टिकवण्यासाठी त्यातले 25,000 परत मुद्दलात घालावे लागतात. खर्चाला उरतात 10,000. सगळं व्याज खर्च केलंस तर 14 वर्षांत त्या निधीची ताकद निम्मी होते, आणि तुझा नातू मोठा होईपर्यंत पाच लाख हे नुसतं नाव उरतं. बहुतेक निधी असेच सुकतात. चोरी कुणी करत नाही, व्याज तेवढं पुरतं खाल्लं जातं. म्हणून निम्मं व्याज तरी मुद्दलात जावं असं लिहूनच दे, आणि आंब्याच्या दशमांशातला एक भाग दरवर्षी त्यात टाक.

पैसे देताना सोबत सहीचं पत्र हवंच: ‘ही रक्कम स्थायी निधीसाठी आहे.’ ते नसेल तर हिशेबात ती साधी जमा धरली जाते आणि तिच्यातला बराचसा भाग त्याच वर्षी खर्चायचं बंधन येतं. ठेव अनुसूचित बँकेत किंवा पोस्टात असावी. मंडळीतल्या कुणा व्यापाऱ्याला ‘बँकेपेक्षा जास्त व्याजानं’ अजिबात नको, तो कितीही सज्जन असला तरी.

हेतू लिहिताना दोन्ही टोकं टाळ. ‘फक्त घंटेसाठी’ लिहिलंस तर घंटा धड असेपर्यंत पैसे पडून राहतात आणि शेजारी छप्पर गळत असतं. ‘मंडळीच्या कामासाठी’ लिहिलंस तर पहिल्याच वर्षी स्पीकर येतात. मी असा मजकूर सुचवीन: ‘मुद्दल कायम राहावं. व्याजाचा निम्मा भाग मुद्दलात जमा व्हावा. उरलेल्यातून आधी चर्चच्या इमारतीची देखभाल करावी, त्यानंतर शिल्लक राहील ते मंडळीतल्या मुलांच्या शिक्षणाला द्यावं. ही कामं उरली नाहीत तर त्यांच्याशी मिळत्याजुळत्या कामाला वापरावं.’ एवढं पुरे. शेवटचं वाक्य गाळू नकोस. पन्नास वर्षांनी काय लागेल ते आज आपल्याला दिसत नाही.

देखभाल पहिली का, ते आपल्या हवेत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, वर खारा वारा. कौलारू चर्चची कौलं दरवर्षी मृगाआधी चाळावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, पन्हळीतला पाचोळा काढावा लागतो. एक कौल सरकलं की पाणी वाशावर, वासा ओला राहिला की वाळवी, आणि मग शंभर रुपयांचं काम लाखावर जातं. शंभरेक जास्तीची कौलं कोरड्या जागी रचून ठेवायला पैसे दे. कारखान्यागणिक साचा वेगळा, एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि ऐन पावसात तसंच कौल शोधत कोण फिरणार? जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट करायला कुणी मोठं दान देऊ केलं, तर पंचांनी हात जोडून नको म्हणावं. जांभा ओल पितो आणि सोडतो. सिमेंटनं ती कोंडते, पापुद्रे सुटतात आणि आतला चिरा पोखरतो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी बरी. काँक्रीटचा पोर्च असेल तर सळ्यांवरचं आवरण कमी पडल्यामुळे खाऱ्या वाऱ्यानं लोखंड फुगलंय का, तेही दर दोन वर्षांनी बघून घ्यावं.

पवित्र शास्त्रात ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हेच आहे. योआश राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष आलं तरी मंदिराची मोडतोड तशीच होती, कारण पैसा येत होता आणि कुठेतरी मुरत होता. मग यहोयादा याजकानं पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पैसे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघांनी मिळून मोजायचे, थेट सुतार-गवंड्यांच्या कामाला द्यायचे, आणि त्यातून चांदीची पात्रं करायची नाहीत. दोघांनी मोजणं आणि दुरुस्तीचा पैसा दुरुस्तीलाच घालणं, या दोन गोष्टींवर तुमच्या पंचांचं एकमत होतं का ते देण्याआधी विचार. अर्पण दोघांनी मोजून वहीत दोघांच्या सह्या, आणि लगेच बँकेत. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा हवा, खजिनदाराच्या फोनचा नको. हंगामाच्या सणाला नारळ, तांदूळ, कोंबड्यांचा लिलाव होतो तेव्हा बोली तिथल्या तिथे लिहावी आणि पैसे घरी जायच्या आत घ्यावेत. ‘पुढच्या रविवारी देतो’ म्हटलेली बोली सहसा बुडते, आणि मागायला संकोच वाटतो म्हणून नातंही बिघडतं.

मृत्युपत्राबद्दल. आपल्याकडे अजून काहीजण सांगतात की ख्रिस्ती माणसानं जवळचे नातेवाईक असताना चर्चला काही ठेवायचं तर मृत्यूच्या बारा महिने आधी मृत्युपत्र करून सहा महिन्यांत ते सरकारी ठिकाणी जमा केलेलं असावं लागतं. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 118 मध्ये ते खरोखर होतं. पण जुलै 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जॉन वल्लामट्टम खटल्यात ते कलम रद्द केलं. हे बंधन आता नाही. साक्षीदार दोन हवेत, दोघांनी तुझी सही पाहिलेली हवी, आणि ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीला नको, नाहीतर त्याला दिलेलं बाद होतं. पाळकसाहेब किंवा खजिनदार यांनाही साक्षीला घेऊ नकोस, पुढे संशयाला जागा नको. अविवाहित मुलग्यानं मृत्युपत्र केलं आणि मग लग्न केलं तर ते आपोआप रद्द होतं, हे धाकट्याला सांग. आणि वहिनींची सोय पहिली. बायकोला उघड्यावर टाकून दिलेलं दान मुलांच्या मनात कायम सलत राहतं, मग ती मुलं चर्चकडे फिरकत नाहीत.

नाव अचूक लिही. ‘आमच्या गावचं चर्च’ असं लिहिलं तर पैसे कुणाचे यावरून वाद होतो. 1970 साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, पण कित्येक ठिकाणी कागद त्याआधीच्या मिशनच्याच नावावर आहेत. सासुरवाडीच्या कॅथलिक पॅरिशला द्यायचं असेल तर सिंधुदुर्ग धर्मप्रांत 2005 मध्ये पुण्यातून वेगळा झाला, तेव्हा जुन्या कागदांवर पुणे दिसेल. ट्रस्टचं नोंदणीकृत नाव आणि नोंदणी क्रमांक धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवरून उतरवून घे. त्याच नोंदीत विश्वस्तांची नावं बघ. वारलेल्यांचीच नावं असतील तर बदल अर्ज गेलेले नाहीत. ते नव्वद दिवसांत द्यायचे असतात. आधी ते दुरुस्त करून घ्या, मग निधी. नाहीतर ठेवीच्या पावतीवर सही कोण करणार हा प्रश्न उभा राहतो.

करसवलत फार मनात धरू नकोस. एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या ट्रस्टला देणगीदाराला करसवलत देणारी 80जी मान्यता सहसा मिळत नाही. मंडळीच्या शाळेची किंवा दवाखान्याची संस्था वेगळी असेल तर तिला मिळू शकते, तीही जुन्या करपद्धतीत आणि रोखीनं दोन हजारांच्या आतच. दुबईचा भाऊ भारतीय पासपोर्टवर आहे, तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. पण ज्या चुलतभावानं पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात. परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नसेल तर ते मंडळीनं घेऊ नयेत, कितीही आग्रह केला तरी.

नातवंडांसाठी तू पाटी लावायचं म्हणतोस. लाव, हरकत नाही, पण त्याहून मला एक गोष्ट भावते. घरातल्या प्रत्येक बाप्तिस्म्याला चर्चच्या आवारात एक बाणवली माड लाव. खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल. दोन माडांत साडेसात मीटर अंतर. छपरापासून लांब, नाहीतर नारळ कौलं फोडतील. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि सावली द्यावी लागते, तिथेच बहुतेक रोपं जातात. सहा-सात वर्षांनी नारळ धरतो, आणि मग साठ-सत्तर वर्षं देत राहतो. मूल शाळेत जायला लागलं की स्वतःच्या माडाचे नारळ हंगामाच्या सणाला स्वतः घेऊन येईल. त्याला वेगळं पाकीट द्या, त्यावर त्याचं नाव, आणि वर्षाअखेरीस मंडळीचा जमाखर्च वाचला जातो तेव्हा त्यालाही बसवा. वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल उभं राहिलं त्यामागे अमेरिकेतल्या साध्या मंडळ्यांचं रविवारचं अर्पण होतं. देणाऱ्या कितीजणांनी वेंगुर्ले कधी पाहिलंही नाही. मुलांना हे त्या इमारतीसमोर उभं करून सांगावं.

सध्या एवढं कर: सातबारा आणि आठ-अ काढून घे, ट्रस्टची नोंद काढायला सांग, आणि पंचांच्या पुढच्या बैठकीआधी मजकुराचा कच्चा खर्डा मला पाठव. मृग लागायला महिना आहे, तोवर कौलं चाळायचं काम सुरू झालं की नाही तेही कळव. गडी मिळत नसतील तर इकडून दोघं पाठवतो.

आईंना माझा सलाम सांग, वहिनींना आणि मुलांनाही.

तुझा,
स्नेहांकित मित्र