वराहपालकांना अर्धीच माहिती

महोदय,

डुकराच्या मांसातून होणाऱ्या पट्टकृमीच्या (फितीसारख्या चपट्या जंताच्या) संसर्गाबाबत वराहपालकांना जे सांगितले जाते, ते बहुधा ‘मांस नीट शिजवा’ एवढ्यावरच थांबते. सल्ला योग्यच आहे, पण तो खाणाऱ्याच्या कामाचा. मांस कापताना कधी कधी तांदळाच्या दाण्यासारखे किंवा त्याहून मोठे पांढरट फोड दिसतात. ते डुकराच्या अंगात माणसाच्या विष्ठेतून येतात, हे पाळणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही.

‘टीनिया सोलियम’ हा पट्टकृमी पूर्ण वाढतो तो फक्त माणसाच्या आतड्यात. तेथे तो काही मीटर लांब होतो आणि त्याचे अंड्यांनी भरलेले तुकडे शौचावाटे बाहेर पडतात. मोकाट डुकरे ती विष्ठा खातात आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्यांच्या मांसात हे फोड करतात. हीच अंडी अस्वच्छ हातांतून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूतही गाठी करतात व त्यातून फिट येऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, प्रादुर्भाव असलेल्या अनेक भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हे कारण असते. डुकराचे मांस कधीही न चाखलेल्यालाही हा आजार होऊ शकतो (शाकाहाऱ्यांनी निश्चिंत राहू नये), आणि पोटात कृमी असलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याचा धोका अधिक असतो.

बाधित डुक्कर सहसा आजारी दिसत नाही, ही खरी अडचण आहे. जीभ तपासून गाठी शोधता येतात, पण बाधा बरीच असेल तरच. एरवी दोष कळतो तो कत्तलीनंतर, आणि मांस नाकारले गेले की सारा तोटा एकट्या वराहपालकाच्या माथी येतो. केवळ माहिती देऊन त्याला एकटे सोडले, तर तो तपासणी चुकवून जनावर परस्पर विकेल, अशी मला रास्त भीती वाटते.

तेव्हा जागृतीसोबत डुकरांना ऑक्सफेंडाझोल हे जंतनाशक औषध आणि या कृमीविरुद्धची ‘टीएसओएल १८’ लस सरकारी खर्चाने मिळावी, औषधानंतर किती दिवस कत्तल करू नये हे स्पष्ट सांगावे आणि नाकारलेल्या मांसाची भरपाई द्यावी. पशुवैद्यकाच्या त्याच फेरीत आरोग्य कर्मचाऱ्यानेही यावे, घरात शौचालय आहे का ते पाहावे आणि माणसांच्या पोटातील कृमीवर उपचार करावेत. मात्र कोणाला फिट येत असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय प्राझिक्वान्टेल हे कृमीनाशक देऊ नये. मेंदूत गाठी असल्यास त्या औषधाने झटके येऊ शकतात.

आपला,
एक वाचक