खालच्या मजल्यावरच्या सिस्टरना

सिस्टर,

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘आधी चहा टाक, बिनसाखरेचा’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

सासूबाईंना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेल्या मेथ्या. आणि प्रत्येकाचा कुणीतरी मामा त्यानेच बरा झालेला. शुगर मात्र एक दिवस 260, दुसऱ्या दिवशी 90. येणारा-जाणारा विचारायचा, ‘गोड खाल्लंत ना?’ त्या नाही म्हणायच्या आणि कुणाला खरं वाटायचं नाही. स्वतःच्याच स्वयंपाकघरात त्यांना चोरासारखं वागवलं जात होतं.

तुम्ही तो प्रश्न विचारलाच नाहीत. ‘इंजेक्शन कुठे घेता ते दाखवा’ म्हणालात आणि बेंबीच्या उजवीकडे बोटांनी चाचपलंत. तिथे घट्ट गाठ होती. रोज त्याच जागी सुई टोचली की तिथली चरबी फुगते, आणि त्या गाठीत दिलेलं इन्सुलिन कधी रक्तात उतरतं, कधी तिथेच रेंगाळतं. गाठीवर टोचलेलं दुखत नाही, म्हणून त्या ती जागा सोडत नव्हत्या. गंमत म्हणजे, जागा बदला म्हणण्याआधी तुम्ही डॉक्टरांना फोन करायला लावलात. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो, शुगर धाडकन उतरू शकते. डॉक्टरांनी डोस खरोखरच कमी केला.

‘मी एवढी काटकुळी, मला कशी शुगर?’ हे सासूबाईंचं पालुपद तुम्हीच थांबवलंत. आपल्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता, हे तुमच्याकडून कळलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पुण्यातच इतकं काम झालेलं असून आम्ही वजनकाट्याकडे बघून निश्चिंत होतो!

जेवणाचं तुम्ही फार ताणलं नाहीत. भात एक वाटी, वरण घट्ट, कोशिंबीर आधी. संकष्टीवर मात्र बरीच हुज्जत झाली, आठवतं? साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, आणि इन्सुलिन घेऊन चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटी राहणं त्याहून धोक्याचं. उपास सोडा असं तुम्ही म्हणाला नाहीत, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. त्या दिवसाचा डोस डॉक्टरांना विचारून ठरला, दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि दही आलं, आणि गणपतीचीही काही तक्रार दिसत नाही.

तुळशीबागेत जाताना त्यांच्या पर्समध्ये आता ग्लुकोजची पुडी असते. शुगर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. रात्री तळपाय आरशात बघणं चालू आहे. सारसबागेत गणपतीला जाताना मोजे घालतात, कारण तापलेल्या फरशीचा चटका बधिर पायांना कळत नाही.

एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, 9.6 होतं, आता 7.4 आहे. त्यांच्या वयाला एवढं पुरे, असं डॉक्टर म्हणाले. पण मला त्या आकड्यापेक्षा जास्त बरं वाटतं ते याचं, की डबा उघडल्याचा आवाज आला तरी आता घरात कुणी मान वर करून बघत नाही.

येत्या संकष्टीला उकडीचे मोदक पाठवते. नाही म्हणायचं नाही. सासूबाई एक खाणार आहेत, त्या दिवशीचा भात सोडून; तुम्ही विचारण्याआधीच सांगून ठेवते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सूनबाई