कुंभारगावच्या नावाड्यास, जरा उशिराच

भाऊ, सप्रेम नमस्कार.

जानेवारीतल्या त्या रविवारी तुमच्या नावेत ताडकन उभी राहिलेली निळ्या टोपीवाली बाई म्हणजे मी. आता नक्की आठवले असेन. तुमचं नाव विचारायचंही राहून गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

खरं सांगू? मी पक्ष्यांसाठी आलेच नव्हते. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. सहलीला गेलं तर चार ओळखी होतील, एवढाच हिशेब. पण पुण्यापासून भिगवणपर्यंत गाडीत सगळे शेकाट्या, चित्रबलाक असल्या पाणपक्ष्यांवरच बोलत होते आणि मी "हो का?" करत बसले होते.

उसन्या दुर्बिणीतून मला नुसतं पाणी दिसत होतं. तुम्ही म्हणालात, "मावशी, आधी नुसत्या डोळ्यानं पाखरू धरा. मग नजर न हलवता दुर्बीण लावा." लावली, आणि चक्रवाकाची नारिंगी जोडी समोर!

मग रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. तुम्ही इंजिन बंद करून बांबूनं नाव रेटत होतात. उथळ पाण्यात शंभरेक पक्षी माना खाली घालून, चोच उलटी धरून चिखल गाळत होते. मी उठले, नाव कलली, सगळा थवा हवेत. मोठ्या कॅमेऱ्यावाल्या काकांनी केलेलं "च्च" अजून कानात आहे. तुम्ही मात्र हसलात. "उडाले म्हणून तर पंख दिसले! उगाच का अग्निपंख म्हणत्यात?" नंतर हळूच मला, "पण परत उठू नका. त्यांचं खाणं मोडतं." चारचौघांत लाज राखून चूक सांगणं आमच्या साहेबांना कधी जमलं नाही.

काकांनी कॅमेरा पुढे केला. काळ्या किनारीचे लालभडक पंख! तिथून जे बोलणं सुरू झालं ते तुमच्या अंगणात चिलापीचे काटे काढेपर्यंत थांबलं नाही. आपण फिरलो त्या उजनी धरणाच्या पाण्याखाली तुमच्या आजोबांचं शेत आहे, हे तुम्ही भाकरी वाढता वाढता सांगितलंत. आम्ही सगळे गप्प झालो, तुम्ही रस्सा वाढत राहिलात.

आता दर रविवारी आम्ही चौघं पाषाण तलावावर भेटतो. "च्च"वाले काकाही त्यात आहेत. थंडीत पुन्हा तुमच्याकडे येतोय. मला मधल्या फळीवर बसवा.

तुमची,
निळ्या टोपीवाली मावशी